कोरं कौल

मालक गाडीतून उतरलाच नाही. काच खाली करून मुकादमाला म्हणाला, "एवढी माती संपवा. ही भट्टी शेवटची." काच वर गेली, गाडी वळली आणि धूळ खाली बसायच्या आत मुकादमाने तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं, जणू ते कुणी ऐकलंच नव्हतं.

दादा तेव्हा गुडघाभर मातीत होता. तो थांबला नाही. उजवा पाय उचलायचा, टाच रोवायची, अर्धं पाऊल मागे सरकायचं. मग डावा. पंचेचाळीस वर्षं तो असा चालत होता आणि दहा हातांच्या खड्ड्याबाहेर गेला नव्हता.

"ऐकलंस का रे?" वरून मुकादम म्हणाला.

"ऐकलं."

"मग?"

"मग काय? माती मळायचीच आहे ना?"

साच्यावर बसलेल्या बायकांपैकी एक हसली आणि लगेच गप्प झाली. पत्र्यांनी भरलेले ट्रक दोन-तीन वर्षं रस्त्यावरून जाताना सगळेच बघत होते. घरं पत्र्याची होत होती. भट्टीच्या आवारात कौलांच्या चवडी उभ्या होत्या आणि त्यांच्या फटींतून गवत उगवलं होतं. कुणाला काही नवीन कळलं नव्हतं. तरी त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत कुणी डबा पुरता खाल्ला नाही.

संध्याकाळी दहा-बारा जण दादाच्या घरी आले. ते दादाकडे आले नव्हते, बाईंकडे आले होते.

बाई म्हणजे दादाची धाकटी बहीण. शाळेत चित्रकला शिकवायची. लग्न केलं नाही, मागच्या खोलीत राहायची. सगळं गाव तिला बाई म्हणायचं, दादाची बायकोसुद्धा कधीकधी चुकून 'वन्सं'च्या जागी 'बाई' म्हणून जायची. ती नऊ वर्षांची असताना तिने ओल्या कौलांच्या पाठीवर खिळ्याने कोंबड्या काढल्या होत्या आणि त्यासाठी तेव्हाच्या मुकादमाच्या हातचा मार खाल्ला होता. शाळेच्या मास्तरांनी ती कोंबड्यांची कौलं पाहिली. त्यांनी घरी येऊन सांगितलं, हिला शिकवा. बाप नुकताच गेला होता. घरात कुणीतरी कमावलं तरच तिला शाळेत ठेवणं जमणार होतं. दादा बाराचा होता, शाळेत कधी गेलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी तो खड्ड्यात उतरला.

बाई शहरात कलेच्या कॉलेजात शिकली आणि परत आली. नोकरी लागली तशी तिने सुट्टीच्या दिवशी भट्टीवर बसायला सुरुवात केली. साच्यावरच्या बायका, त्यांची पोरं, ज्याला वाटेल त्याने भाजण्याआधी कौलाच्या आतल्या बाजूला काहीतरी काढायचं, लिहायचं. पहिली दोन-तीन वर्षं कुणी धड बसेना. मग सवय झाली. तीस वर्षांत ती कौलं गावोगाव गेली. भोवतालच्या कितीतरी घरांत आडवं झालं की वर आढ्याखाली कात्री दिसायची, शेळी दिसायची, कुणाचं तरी वेडंवाकडं नाव, नाहीतर 'आज डोकं दुखतंय' असं काहीतरी. कित्येक बायका त्या कौलांवरच लिहायला शिकल्या. शहरातल्या लोकांना याचा पत्ता लागला तेव्हा बाईंचा फोटो पेपरात आला. तिला भाषणांना बोलावणी येऊ लागली. परदेशातही दोनदा जाऊन आली.

शहरात ती 'भट्टीवरची' होती. भट्टीवर ती बाई होती. ती आली की साच्यावरच्या बायका ताठ बसायच्या आणि चाललेलं बोलणं पदराआड घेतल्यासारखं मिटवायच्या. घरी वहिनी तिला सगळ्यांआधी वाढायची, चांगल्या ताटात. पाहुण्यांना काढतात ते ताट. तीस वर्षं ती त्याच ताटात जेवत होती.

"तुमच्या ओळखी आहेत बाई," भट्टी रचणारा म्हातारा म्हणाला. "पेपरात लिहा. वर कुणाला तरी सांगा."

"लिहिते," बाई म्हणाली.

तिने लिहिलं. सहा पत्रं लिहिली. दोघांची उत्तरं आली, छापील. तिसऱ्या आठवड्यात फोन आला तो शहरातल्या एका कलासंस्थेतल्या चष्मेवाल्या माणसाचा. तो तिला बरीच वर्षं ओळखत होता, तिच्या कामाची प्रदर्शनं त्यानेच भरवली होती.

"वाईट झालं," तो म्हणाला. "पण शेवटची भट्टी... यावर काहीतरी व्हायला हवं. प्रत्येक कामगाराचं एक कौल. एकसष्ट माणसं आहेत ना? एकसष्ट कौलं. आपण इथे भिंतीवर लावू. लोकांना कळू दे."

बाईंना ते पटलं. पटलं याचं तिला जरा वाईटही वाटलं. पण करण्यासारखं तिच्या हातात दुसरं काय होतं?

दुसऱ्या दिवशी तिने साच्यापाशी उभं राहून सगळ्यांना सांगितलं. साच्यावरची थोरली बाई, जिला सगळे आक्का म्हणत, हाताची माती मांडीवर पुसत म्हणाली, "आमच्या पोटावर पाय आलाय, आणि तुम्हाला चित्रं सुचतायत."

"आक्का, मी—"

"राग नाही हो. तुम्ही शिकवलंत म्हणून माझी पोरगी दुकानात कामाला लागली. काढते की मी. काय काढू? पाय काढू?"

सगळ्या हसल्या. बाईही हसली, एकदोन क्षण उशिरा. आक्काने खरोखर पाय काढला, पाच बोटांचा, टाचेला भेगा असलेला. तो इतका हुबेहूब जमला की दुसऱ्या दिवसापासून लोक आपण होऊन येऊ लागले. उन्हाने सकाळी दहालाच पाठ भाजायची. पाण्याच्या पिंपावर ओलं पोतं टाकलेलं असायचं, त्याला हात पुसून एकेक जण बाईंसमोर बसायचा. कुणी सायकल काढली. कुणी तेरा ओळींचं पत्र लिहिलं, मालकाला, शिव्यांसकट. म्हाताऱ्याने भट्टीचं आतलं चित्र काढलं, कुठला थर कुठे आणि आगीची वाट कुठून, असं नेमकं की बघून कुणालाही भट्टी रचता आली असती.

साठ झाली.

दादाने आपलं कौल स्वतःच साच्यातून काढलं. तारेने कडा कापल्या. तारेचा हात त्याचा असा होता की पट्टी लावून बघावं. मग ओल्या फडक्याने आतली बाजू गुळगुळीत केली आणि कौल फळीवर नेऊन ठेवलं.

"दादा, तुझं राहिलं."

"असू दे."

"काहीही काढ. एक रेघ ओढलीस तरी चालेल."

दादा पिंपापाशी वाकून हात धूत होता. कोपरापासून खाली माती निघत होती आणि खालची कातडीही मातीच्याच रंगाची होती.

"गावातल्या शेंबड्या पोराला तू समोर बसवून शिकवलंस," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "आक्का शिकली. मुकादमाची सासू शिकली. मला कधी म्हणालीस, बस म्हणून?"

आवाज चढला नव्हता. पण साचे थांबले. आक्काने नजर वळवून साच्याला लावायच्या तेलाचं डबडं उगीच हलवलं.

दादाने हात झटकले आणि तो परत खड्ड्याकडे गेला.

ती घरी आली ती खोलीचं दार लोटून बसली. लहानपणी ती पाटी घेऊन बसायची तेव्हा दादा शेजारी झोपलेला असायचा, तोंड उघडं, पायांवरची माती वाळून तिला तडे गेलेले. तेव्हा त्याला उठवावंसं कसं वाटणार? पण ती शिकून परत आली तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. त्यानंतर तीस वर्षं एका छपराखाली. कुणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, त्याला कमीपणा वाटला असता म्हणून विचारलं नाही. पण ते खरं नव्हतं. खरं म्हणजे तिच्या मनातच कधी आलं नव्हतं. शिकवायची माणसं भट्टीवर असत. घरात दादा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर ती त्याच्यासमोर कागद घेऊन बसली. वहिनी भांडी उचलत होती ती तशीच आत गेली.

"ये दादा. बस."

"आता?"

"आता."

तो बसला. मांडी नीट घालता येत नव्हती, गुडघे सुजले होते. बाईंनी पेन्सिल दिली. त्याच्या मुठीत ती दिसेनाशी झाली. त्याने कागदावर टेकवली आणि टोक मोडलं. तिने दुसरी दिली. तेही मोडलं. मग तिने त्याच्या हातावर आपला हात ठेवला. किती वर्षांनी ठेवला, तिला आठवेना. बोटं वळत नव्हती. सांधे लाकडाच्या गाठींसारखे लागत होते. दोघांनी मिळून एक रेघ ओढली. ती थरथरत कागदाच्या कडेपर्यंत गेली आणि चटईवर उतरली.

दादाच्या कपाळावर घाम आला होता. खड्ड्यात उन्हात राबतानाही त्याला एवढा येत नसे.

"राहू दे," तो म्हणाला. त्याने हात सोडवून घेतला, अगदी हळूच, तिला लागू नये असा. "उशीर केलास तू."

आणि भिंतीला धरून उठून कामावर गेला.

कौल कोरंच भाजलं गेलं.

भट्टी पाच दिवस पेटती होती. म्हातारा आगीच्या तोंडाशी बसून होता आणि धुराच्या रंगावरून लाकडं कमीजास्त करायला सांगत होता. निवायला आणखी चार दिवस लागले. उघडायच्या दिवशी शहरातून दोन गाड्या आल्या. चष्मेवाला होता, त्याच्याबरोबर कॅमेरे घेतलेली तरणी माणसं. त्यांनी आक्काला भट्टीच्या दारात उभं केलं.

"हसू नका हं," त्यातला एक म्हणाला.

"मी हसतेय कुठे? माझं तोंडच असं आहे," आक्का म्हणाली.

दादा हातांना पोत्याची फडकी गुंडाळून आतून कौलं काढत होता. आत इतकी धग होती की बाहेर आल्यावर त्याच्या अंगातून वाफ निघतेय असं वाटायचं. कॅमेरेवाल्याने त्याला दोनदा थांबायला सांगितलं. तिसऱ्यांदा दादा थांबला आणि हातातली पाच साधी कौलं त्याच्या हातात दिली.

"धर जरा."

त्याने धरली आणि लगेच ओरडून सोडली. पाचही फुटली. मुकादम शिव्या देत धावला. दादा वाकून तुकडे गोळा करू लागला. बाई लांब उभी होती. तिला पुढे व्हावंसं वाटलं, पण कुणाच्या बाजूने, ते ठरेना.

पंधरा दिवसांत धुराडं पाडलं. आवारातले लोखंडी साचे भंगारात गेले. माणसं पांगली. कुणी मुलाकडे, कुणी बांधकामावर. दादाला मुकादमाच्या ओळखीने राखणदाराची जागा मिळाली. बसने सहा तासांवर, पत्र्यांच्या गोदामावर. राहायला फाटकाशेजारची खोली.

"पत्र्यांच्या?" बाई म्हणाली.

"मग काय झालं? पत्र्याने माझं काय वाईट केलंय? घर गळत नाही लोकांचं."

वहिनीने त्याचे कपडे बांधले. ती रडली नाही, नुसती गाठ पुन्हा पुन्हा सोडून बांधत राहिली. दाराशी दादा बहिणीला म्हणाला, "हिच्याशी बोलत जा. तुम्ही दोघी बोलतच नाही."

तो गेल्यावर दोघी बोलायच्या. पाणी आलं का, दिवा गेला का. वहिनी अजूनही चांगल्या ताटात वाढायची. एकदा बाई म्हणाली, "वहिनी, तुम्हीही बसा माझ्याबरोबर." वहिनी बसली. दोघी जेवल्या. पण वहिनीने घास असे लहान घेतले, जणू कुणाच्या घरी आली आहे. त्यानंतर बाईंनी आग्रह केला नाही.

प्रदर्शन हिवाळ्याच्या सुरुवातीला भरलं. पांढऱ्या उंच भिंतीवर एकसष्ट कौलं, प्रत्येकावर वेगळा दिवा. चष्मेवाल्याने मांडणी बदलली होती. दादाचं कौल कडेला होतं, ते त्याने मधोमध लावलं होतं.

"सगळा अर्थ इथे आहे," तो लोकांना सांगत होता. "साठ जण बोलतात. एकजण नकार देतो. हे कोरेपण म्हणजे आरोप आहे, आपल्या सगळ्यांवर."

लोक त्या कौलासमोर जास्त वेळ थांबत होते. एका तरुण मुलीने डोळे पुसले. आक्काच्या पायाकडे एकदोघांनीच पाहिलं. म्हाताऱ्याच्या भट्टीच्या नकाशासमोर तर कुणीच नव्हतं.

बाईंना बोलायला उभं केलं. तिने कागदावर लिहून आणलं होतं. तो तिने उघडला, वाचला, आणि घडी घालून ठेवला.

"ते मधलं कौल माझ्या भावाचं आहे," ती म्हणाली. "तो नकार नाही. त्याला लिहिता येत नाही. चित्रही काढता येत नाही. मी शिकावं म्हणून तो बाराव्या वर्षी मातीत उतरला. मी तीस वर्षं लोकांना शिकवत आले, त्याच्या घरात राहून. त्याला शिकवलं नाही. म्हणून ते कोरं आहे. यात दुसरं काही नाही."

सभागृहात टाळ्या वाजायला लागल्या. पुढच्या रांगेतले लोक उभे राहिले. मागचेही उठले. बाई माइकपाशी तशीच उभी होती आणि टाळ्या थांबायची वाट बघत होती, म्हणजे तिला सांगता आलं असतं की टाळ्या वाजवू नका. त्या लवकर थांबल्या नाहीत. नंतर कितीतरी जणांनी तिचे हात हातात घेतले. मऊ, कोरडे हात.

"फार धाडसी बोललात," चष्मेवाला म्हणाला. त्याचा आवाज खरोखर भरून आला होता. "हे छापू या आपण."

"नको," बाई म्हणाली.

"का?"

"दादाला वाचता येत नाही," ती म्हणाली. त्याला वाटलं ती विनोद करतेय, आणि तो हसला.

सकाळी पहिल्या बसने ती गोदामाकडे निघाली. कळवलं नव्हतं. उतरली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. लांबलचक भिंत, मोठं फाटक, त्यालगत छपरी आणि छपरीत खुर्चीवर दादा. निळा सदरा त्याला खांद्यात मोठा होत होता. पायांत बूट होते. बुटांतला दादा तिने पहिल्यांदाच पाहिला.

"तू?" तो उठला. "घरी बरं आहे ना?"

"बरं आहे. वहिनीने बंडी शिवून दिलीय तुला."

त्याने बंडी घेतली, उलटसुलट करून शिवण पाहिली, नीट घडी केली. खोलीतून पाणी आणून दिलं. दुसरी खुर्ची नव्हती. आपल्या खुर्चीवर तिला बसवून तो पायरीवर बसला.

बोलण्यासारखं लवकर संपलं. जेवणाचं काय करतोस, झोप लागते का, गुडघे कसे आहेत. मधेच एक ट्रक आला. दादा उठला, छपरीतली वही आणि तिला दोरीने बांधलेलं पेन घेऊन गेला आणि वर करून चालकाकडे दिलं. चालकाने गाडीचा नंबर स्वतःच लिहिला, वही खाली दिली. दादाने फाटक उघडलं.

परत येऊन तो पायरीवर बसला. वहीवरून हात फिरवत म्हणाला, "नंबर आपण लिहायचे असतात. राखणदाराने. साहेब अजून काही बोलला नाही."

बाईंनी वहीतलं चालकांचं अक्षर पाहिलं.

"एकजण मुद्दाम चुकीचा लिहितो, असं वाटतं मला. हसतो लिहिताना." वही मिटून तो म्हणाला, "आकडे किती असतात ग एकूण?"

"दहा. शून्य धरून."

"दहाच?"

"दहाच. बाकी सगळे त्यातूनच होतात."

"मग ते शिकव. नावबिव नको. नाव काय, सगळे बाबाच म्हणतात इथे. आकडे शिकव."

बाईंचा हात पिशवीत पेन्सिलीकडे गेला आणि तिथेच थांबला. ती खुर्चीवरून उठली आणि पायरीपुढच्या धुळीत बसली. तळव्याने धूळ सारखी केली आणि बोटाने एक काढला, गाड्यांच्या पाट्यांवर असतो तसा इंग्रजी, नुसती उभी रेघ.

"एक."

दादा पायरीवरून खाली उतरला. वाकताना कण्हला. त्याने आपलं जाड बोट धुळीत टेकवलं आणि ओढलं. बोट मोडलं नाही. रेघ खोल आणि सरळ आली, तारेने कापल्यासारखी.

"हा तर सोपाय."

"दोन. हा बगळ्यासारखा, मान वाकवलेला."

"बगळा कुठे बघितलास तू असला?" तो म्हणाला. पण काढला. पुसला. पुन्हा काढला. चार वेळा काढल्यावर स्वतःशीच मान हलवली. तीन यायला बराच वेळ लागला. चार त्याला आवडला. ऊन सरकत भिंतीपाशी गेलं. तिची परतीची बस समोरच्या रस्त्याने निघून गेली. तिने ती पाहिली. दादाने पाहिली नाही. त्याला पाच दाखवून ती थोडी मागे सरकली, कारण त्याला आता जागा लागत होती.

मग ट्रक आला. दादा हातावर जोर देऊन उठला, हात सदऱ्याला पुसले आणि वही घेतली. चालकाने सवयीने हात खाली केला. दादाने वही दिली नाही. तो ट्रकच्या पुढे गेला, पाटीसमोर उभा राहिला. पाटीच्या शेवटी तीन होता, एक होता, पुन्हा तीन, आणि दोन. त्याने वही ट्रकच्या बॉनेटवर टेकवली. पेन मुठीत धरलं, खिळा धरतात तसं.

बाई आपल्या जागेवरून उठली नाही.

चालकाने एकदा हॉर्न वाजवला. मग पुन्हा, लांब. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडला, "ओ बाबा, झोपलात का? उघडा की फाटक!"

दादाने मान वर केली नाही.

"थांब जरा," तो म्हणाला. "लिहितोय."